चौदा झालरी

गोवा सुटला त्याच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्यानंतर,
पणजीला जायची एक पेटी
वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर चुकून उतरली.
बोट तोवर खडपापलीकडे गेलेली.
टुरिंग टॉकीजवाल्या आबा कुबलानं झाकण उचकटलं.
रिळांवरचं एक अक्षर त्याला लागेना.
म्हणाला, "पडद्यार ईला काय सगळा समाजताला."

तंबूत वाळूवर आम्ही, खुर्चीत मामलेदार.
भाषा फ्रेंच आहे, हे त्यांनीच सांगितलं
आणि पुढं तेही आमच्याइतकेच मुके झाले.

एक मुलगी होती.
मासळीबाजारात बर्फ फोडायची.
(मागं बायकांत कुजबुज: "ही तर आपल्यातलीच.")
एक टोपीवाला होता, कर्जात बुडालेला, तरी मिशी कुरवाळणारा.
त्यानं तिचे हात पाहिले नाहीत,
चिखलातून परात सावरत चालणारे पाय पाहिले.
मग नाचघर, आरसे, दिवे, धूर,
आणि एका रांगेत वीस बाया,
झगे उचलून, सगळ्या दर्याला एकदम भरती यावी तशा.

माझे वडील शिंपी.
ओठात दोरा धरावा तसे तोंड मिटून
ते बोटांवर काहीतरी मोजत होते.
त्या मुलीचा पाय वर गेला, अजून वर,
आणि तिथंच पडद्याच्या मधोमध
तपकिरी फोड आला, पसरला, पांढरा झाला.
शेवटचं रीळ जळलं.
आबानं कुणाचेच चार आणे परत दिले नाहीत.

घरी येईपर्यंत वडील एवढंच बोलले,
"चौदा. आतून चौदा झालरी."

सकाळी दुकानाच्या पायरीवर लाडू गवंडे.
दिवसा माडांवर चढणारा,
रात्री दशावतारात मोहिनी.
"तसा शिवशात काय?" त्यानं विचारलं, खाली बघत.
वडिलांनी फूटपट्टी उचलली, तेच उत्तर.

कापड कुठलं एवढं?
मांजरपाट, तांदळाची पोती,
आणि बुडाल्या मचव्याचं एक जुनं शीड.
शिडात मीठ मुरलेलं. तीन सुया मोडल्या.

आडेलीच्या जत्रेत, पहाटेच्या जरा आधी,
पेट्रोमॅक्सभोवती किडे आणि झोपेनं जड माणसं,
भस्मासुर मोहिनीच्या मागं लागला.
ती करील ते त्यानं करायचं, हा तर जुनाच करार.
ती गिरकली, तो गिरकला.
ती लाजली, तोही लाजला, मिशीसकट.
मग लाडूनं लुगड्याचा सोगा सोडला
आणि चौदा झालरी एकदम उघडल्या.
पखवाजवाल्याचा हात हवेत राहिला.
पाय गेला थेट कनातीच्या दोरीपर्यंत:
टाचेला घट्टे, नडगीवर माडाच्या सालीचे ओरखडे,
घोट्यात घुंगरू.

आता पन्नाशीचा दत्तू रेडकर, भस्मासुर,
त्यानं पाय उचलला. कमरेत काहीतरी कडकन वाजलं.
"अगे आवशी!" म्हणून त्यानं
दोन्ही हात डोक्यावर मारले,
आणि पुराणात लिहिल्याप्रमाणे भस्म झाला.

लोक हसले, ते पार उजाडेपर्यंत.
वडील पडद्यामागं होते, पेटाऱ्यावर बसून.
त्यांनी नाच बघितलाच नाही.
मी बघितलं: त्यांचा उजवा पाय
मशीन नसताना जमिनीवर चालत होता.

पेटी एसटीच्या टपावरून पणजीला गेली,
एक रीळ कमी.
त्यामुळे त्या मुलीचं पुढं काय झालं
ते आमच्या गावात कुणालाच ठाऊक नाही.
आई म्हणायची, परत गेली असेल बर्फ फोडायला.
मामलेदारांच्या मते, टोपीवाल्याशी लग्न.
लाडू गवंडे माडाच्या शेंड्यावरून,
कोयता कमरेला, एक पाय हवेत,
खाली ओरडून सांगायचा,
"तिचो पाय अजून खाली येवूक नाय!"